लादी उखडण्यापूर्वी…

मैत्रिणींनो, आपल्या कोकणात घराची मोठी डागडुजी निघते ती बहुतेक दोनच निमित्तांनी. एक तर घरात लग्न ठरलेलं असतं, नाहीतर यंदा चतुर्थीला मुंबईची सगळी मंडळी येणार असतात. मग कौलं परतली जातात, भिंतींना रंग लागतो, माटवीला नवा रंगीत कागद येतो. आणि एवढं सगळं झाल्यावर कुणाची तरी नजर खाली जाते. "ही जुनी मोझॅकची लादी आता काढून टाका बघू! किती काळवंडलीय. वर चकचकीत टाइल्स बसवल्या की घर कसं नव्यासारखं दिसेल!"

हा निर्णय बहुधा ओटीवर होतो. घरातले पुरुष, कंत्राटदार आणि मुंबईहून फोनवर असलेले भावोजी मिळून तो घेतात. आपण आत चहा टाकत असतो. पण मला तुम्हांला एकच विचारायचंय. जमीन कागदोपत्री कुणाच्याही नावावर असो, ती रोज पुसतं कोण? तिच्यावरून ओल्या पायांनी विहिरीकडून स्वयंपाकघरात ये-जा कोण करतं? मग तिचं काय करायचं, हे ठरवताना आपल्याला चार गोष्टी ठाऊक नकोत का?

मी काही या विषयातली तज्ज्ञ नव्हे. घर सांभाळून अर्धवेळ शाळेत शिकवते. पण मालवणजवळच्या आमच्या घरातली सासऱ्यांनी १९७९ साली घातलेली लादी काढायची की राखायची, हा प्रश्न आमच्याकडेही निघाला. तेव्हा मिस्त्रींना विचारून विचारून, वाचून आणि शेवटी समोर बसून काम करून घेऊन जे समजलं, ते इथे सांगते.

लादी म्हणजे आहे तरी काय?

मोझॅकची लादी म्हणजे सिमेंटमध्ये संगमरवराची बारीक खडी घालून, ती घट्ट झाल्यावर घासून गुळगुळीत केलेली जमीन. इंग्रजी पुस्तकांत हिला टेराझो म्हणतात. हे नाव इटलीतलं. व्हेनिसच्या बाजूचे कारागीर मोठ्या वाड्यांच्या कामात उरलेले संगमरवराचे तुकडे गोळा करून चुन्यात बसवत आणि दगडाने घासत. थोडक्यात, उरल्यासुरल्यातून नवं करण्याची ही युक्ती. आपण जुन्या पातळांची गोधडी शिवतो, तसलीच!

आपल्याकडे आधी परदेशी लाद्या येत. पुढे १९२२ साली सिधवा या पारशी कुटुंबाने भारत टाइल्सचा कारखाना काढला. तो स्वदेशीच्या चळवळीचा काळ होता. कारखाना उरणला, म्हणजे आपल्याच कोकणपट्टीवर होता. पुढे गावोगावी छोटे कारखाने निघाले आणि लादी मध्यमवर्गीयांच्या घरात आली. आमच्या भागात ती आली मुंबईच्या मनीऑर्डरींवर. आधी शेणाने सारवलेली जमीन, मग गेरू घालून घोटलेला तांबडा कोबा आणि चार पैसे साठले की ओटीला आणि माजघराला लादी, असा तो क्रम. म्हणून तर आमच्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "ही लादी काढू नकात. माझो अर्धो जल्म हेच्यार गेलो."

लादी दोन तऱ्हेची असते. एक कारखान्यातून तयार येते. चौरस तुकडे असतात, आठ, दहा किंवा बारा इंचांचे. दुसरी जागेवरच ओतलेली असते. तिच्यात काचेच्या किंवा पितळेच्या पट्ट्यांनी चौकटी पाडलेल्या दिसतात. तुमच्याकडे कुठली आहे ते आधी पाहा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तयार लादी साधारण २० ते २५ मिलिमीटर जाड असते. तिच्यात वरचा खडीचा थर ५-६ मिलिमीटरचा असतो, खाली नुसतं सिमेंट-वाळू. एका वेळच्या पॉलिशमध्ये या थरातला बहुधा मिलिमीटरपेक्षाही कमी भाग जातो. म्हणजे चाळीस-पन्नास वर्षं वापरलेल्या लादीतही खालची खडी तशीच ताजी असते. आमच्याकडे आलेल्या मिस्त्रींनी हेच फार छान सांगितलं. "वयनी, लादी मेलेली नाय. तेची वरची कातडी खराब झाली हा."

तीन वैरी: आंबट, खार आणि ओल

ही कातडी खराब का होते? देशावरच्या घरातली लादी वर्षानुवर्षं छान राहते आणि आपली मात्र लवकर विटते, असं का? याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आणि आपल्या समुद्रात आहे.

शाळेत मी मुलांना एक प्रयोग करून दाखवते. तिसऱ्यांचा रिकामा शिंपला घ्यायचा आणि त्यावर लिंबू पिळायचं. थोड्याच वेळात बारीक बुडबुडे येऊ लागतात. शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, आम्लाने तो विरघळतो आणि वायू बाहेर पडतो. संगमरवरही त्याच पदार्थाचा! पूर्वी या किनाऱ्यावर शिंपले भाजून घरासाठी चुना करत, तोही त्याच नात्यातला. आता पाहा, आपल्या रोजच्या जेवणात काय काय असतं? कोकम, चिंच, लिंबू, कैरी. आमटीत सोलं, माशाच्या कढीत आगळ, जेवणानंतर सोलकढी. यातला थेंब लादीवर पडून राहिला की तिथे पांढुरका, निस्तेज ठिपका उमटतो. आपण त्याला डाग समजून घासत बसतो. पण तो डाग नसतोच. तिथला संगमरवरच खाल्ला गेलेला असतो. घासणार काय?

याहून वाईट म्हणजे न्हाणीघर धुवायचं ॲसिड. लादीवरचा काळेपणा जावा म्हणून ते पुष्कळ घरांत ओततात. फेस येतो, मळ निघाल्यासारखा वाटतो आणि लादी दोन दिवस पांढरी दिसते. पण तो फेस मळाचा नव्हे, लादीचा असतो! वरचा गुळगुळीतपणा गेला की बारीक भोकं उघडी पडतात, त्यांत पहिल्यापेक्षा दुप्पट मळ बसतो. पुढच्या महिन्यात पुन्हा ॲसिड. असं चक्र सुरू झालं की लादी काढण्यावाचून गत्यंतर नाही असं वाटू लागतं.

दुसरा वैरी खार आणि तिसरा ओल. हे दोघे जोडीने येतात. आपली घरं चिऱ्याची. चिरा सच्छिद्र असतो, जोत्यातलं पाणी वर ओढून घेतो. चार महिने पाऊस, पागोळ्यांचं पाणी जोत्याशीच पडतं. या पाण्यात विरघळून क्षारही वर येतात. बांधताना खाडीची वाळू न धुता वापरली असेल तर मीठ घरातच भरून ठेवल्यासारखं. पाणी वर येऊन सुकतं, मीठ मागे राहतं. त्याचे स्फटिक फुगतात आणि लादीचा वरचा पापुद्रा सुटतो. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. दिवाळीनंतर कोपऱ्यांतून, भिंतीच्या कडेने पांढरी भुकटी दिसू लागते ती हीच. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांची कौलं उडाली आणि भिंती चिंब भिजल्या. आमच्या वाडीत त्यानंतर पुढची दोन वर्षं लोण्याची तक्रार घरोघर होती.

वरून टाइल्स बसवल्या तर?

मग काय बिघडतं, जुनी लादी झाकून वर टाइल्स बसवल्या तर? टाइल्सना मी नावं ठेवणार नाही. न्हाणीघरात आणि मोरीपाशी त्याच बऱ्या. त्यांना आंबटाचं भय नसतं, काम चार दिवसांत उरकतं. पण बाकीच्या घरासाठी तीन गोष्टींचा विचार करा.

पहिली ओल. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषतच नाही, अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणजे जमिनीतली ओल वर येऊन सुकायला जागाच उरत नाही. ती मग सांध्यांतून आणि भिंतींतून वाट काढते. जमीन चकचकीत दिसते आणि भिंतीचा गिलावा मात्र कंबरेपर्यंत फुगतो.

दुसरी उंची. लादीवर टाइल बसवली की जमीन इंच-दीड इंच वर येते. दारं खालून कापावी लागतात, उंबरा बुडतो. हळदीकुंकू वाहायला उंबरा वीतभर उरला नाही, अशी माझी एक मैत्रीण हळहळत होती! आणि जुनी उखडायची म्हटली तर हातोड्याच्या दणक्यांनी जुन्या भिंतींना धोका, शिवाय राडारोडा टाकायचा खर्च वेगळाच.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: पाय घसरणं. पावसाळ्यात आपल्या घरात जमीन कोरडी अशी राहतच नाही. छत्र्या ठिबकतात, झडीतून तुषार आत येतात, पाय ओलेच. आमच्या शेजारच्या घरी लग्नासाठी ओटीपासून माजघरापर्यंत आरशासारख्या टाइल्स बसवल्या. लग्न थाटात झालं. पण पहिल्याच पावसात त्यांच्या ऐंशीच्या घरातल्या आजी देवपूजेसाठी फुलं घेऊन येताना घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण त्यांचं अंगणापर्यंतचं चालणं कायमचं थांबलं. ज्या बाईने त्या घरातली शेणाची जमीन सारवली होती, तिला आता त्याच घरात भिंत धरून चालावं लागतं. घरात म्हातारं माणूस असेल, गरोदर लेक-सून असेल, तर जमीन निवडताना आधी त्यांच्या पायांचा विचार करा. टाइल्सच घ्यायच्या झाल्या तर खरखरीत घ्या. आणि मोझॅकवरही मेणाचा जाड थर दिला तर तीही घसरडी होते, हे विसरू नका.

आधी तपासणी घरच्या घरी

मिस्त्रीला बोलावण्यापूर्वी एक सकाळ काढा.

लाकडी लाटण्याने लादी हलकेच ठोका. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ, डबडब वाजली तर तिच्या खालची भर बसलेली आहे. अशा लाद्यांवर खडूने खूण करा. घरभर मिळून दहा-वीस असतील तर दुरुस्ती सोपी. अर्धी खोलीच पोकळ वाजत असेल, किंवा जमीनच खचून खड्डा पडला असेल, तर मात्र तेवढा भाग काढून नव्याने घालावा लागेल.

मग ओल पाहा. हातभर चौरस प्लॅस्टिकचा कागद लादीवर पसरून चारी कडा चिकटपट्टीने बंद करा. दुसऱ्या दिवशी कागदाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले, की समजा, ओल खालून येतेय. असं असेल तर आधी तिचा बंदोबस्त, पॉलिश नंतर. पावसाळ्यात पन्हळ लावून पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून दूर न्या. भिंतीलगतच्या जमिनीला बाहेरच्या बाजूने उतार द्या. न्हाणीच्या पाण्यावर भिंतीलगत केळी लावल्या असतील तर पाणी चर खणून पुढे काढा. हा खर्च लादीच्या मानाने थोडाच असतो, पण तो चुकवला तर वरचा सगळा खर्च पाण्यात.

लोण्याची पांढरी भुकटी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका. पाण्यात ती विरघळून पुन्हा आत जाते. कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत भरा आणि बाहेर टाका. चार-चार दिवसांनी हेच करा. भुकटी येणं कमी होत गेलं की मीठ निघत चाललं असं समजायचं.

दुरुस्ती: कपाटाखालचा खजिना

फुटलेल्या लादीच्या जागी काय बसवायचं? जुन्या रंगाशी जुळणारी नवी लादी मिळणं कठीण. यावर एक युक्ती आहे. मोठ्या कपाटाखाली, पलंगाखाली, कोठीच्या खोलीत ज्या लाद्या वर्षानुवर्षं झाकलेल्या असतात, त्या काढून दर्शनी भागात बसवायच्या आणि नवी लादी कपाटाखाली घालायची. कुणाला कळणारही नाही!

बारीक भेगा, टवके आणि सांधे भरायला पांढरं सिमेंट आणि रंगाची पूड लागते. तांबड्या-पिवळ्यासाठी ऑक्साइडचे रंग मिळतात. इथे एक गोष्ट कटाक्षाने करून घ्या. सबंध घराला लागणारं सिमेंट आणि रंग कोरडेच, एकदमच मिसळून डब्यात भरून ठेवायचे. लागेल तसं त्यातलं घेऊन पाण्यात कालवायचं. थोडं थोडं करून रंग मिसळला की दर खेपेला छटा बदलते. चकलीची भाजणी आपण एकदाच दळून आणतो ना, तसंच हे. आणि थोडा नमुना एखाद्या कोपऱ्यात लावून, सुकल्यावर रंग पाहा. ओला असताना तो नेहमी गडद दिसतो.

मोठा टवका उडाला असेल तर त्यात संगमरवराची खडीही घालावी लागते. पांढरी मकराण्याची, पिवळी जैसलमेरची, हिरवी उदयपूरकडची अशा खड्या मोठ्या गावच्या दुकानांतून मिळतात. जुन्या फुटक्या लादीचा तुकडा बरोबर न्या आणि त्याच्याशी खडीचा रंग आणि आकार ताडून घ्या.

पॉलिश: घाई नको

दुरुस्तीचं सिमेंट निदान आठवडाभर ओलं ठेवून घट्ट होऊ द्यायचं, मग पॉलिश. यंत्राला कार्बोरंडमचे दगड लावतात आणि पाणी सोडून घासतात. पहिला दगड खरखरीत, साधारण ६० नंबरचा. त्याने वरची खराब कातडी निघते. मग रंगीत सिमेंटची पातळ पेज सगळीकडे चोळून बारीक भोकं भरायची आणि ती घट्ट होऊ द्यायची. नंतर १२० नंबर, पुन्हा पेज, आणि शेवटी ३२० नंबर. पुष्कळ कामगार मधली पेज गाळतात आणि एका दिवसात सगळे दगड फिरवून मोकळे होतात. दोन दिवस लादी सुरेख दिसते, मग भोकांत मळ बसतो. म्हणून ठरवतानाच विचारा, "पेज किती वेळा भरणार?" आणि मगच पैसे बोला.

शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची पूड टाकून घासतात, त्याने झळाळी येते. लोखंडी कपाटाच्या पायांचे, गॅसच्या टाकीचे गंजाचे डागही त्याने बरेच उतरतात. पण ही पूड विषारी असते. हातमोजे घालूनच काम व्हावं, मुलांना आणि मांजराकुत्र्यांना त्या खोलीत सोडू नये, आणि नंतर दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने जमीन धुवावी.

घासताना जो राखी चिखल निघतो, तो मोरीत मुळीच ओतू देऊ नका. त्यात सिमेंट असतं. ते नळीत बसून दगडासारखं घट्ट होतं. खराट्याने गोळा करून घमेल्यात भरून सुकवा आणि विहिरीपासून, माडांच्या आळ्यांपासून दूर टाका.

आता एक गृहिणीची अट. सबंध घराचं काम एकदम देऊ नका. आधी एकाच खोलीचा एक कोपरा, तीन-चार लाद्या, पूर्ण पॉलिश करून दाखवायला सांगा. आमच्या दिरांना टाइल्सच हव्या होत्या. "पैसे मी पाठवतो, तुम्ही फक्त हो म्हणा," असा त्यांचा फोन. मी म्हटलं, "भावोजी, कोठीतला एक कोपरा घासून बघते, नाही आवडला तर तुमचंच खरं." कोपऱ्यातून हिरवी-पांढरी खडी वर आली आणि मी त्यांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "ही आपलीच लादी?" पुढे टाइल्सचा विषय निघाला नाही. आणि टाइल्सचा जो अंदाज आला होता त्याच्या निम्म्याहूनही कमी पैशांत ओटी, माजघर आणि देवघर झालं.

नव्याने घालायची असेल तर

नव्या घरात जागेवर ओतलेला मोझॅक हवा असेल तर हे ध्यानात घ्या.

काम तुळशीचं लग्न ते शिमगा या दिवसांत काढा. पावसाळ्यात ओल सुकत नाही आणि एप्रिल-मे मध्ये विहिरीला पाणी कमी. किनाऱ्यालगतच्या काही विहिरी तर तेव्हा मचूळ होतात. काँक्रीटला पाजायला गोडंच पाणी लागतं.

वाळू खारी आहे का हे पाहायला मूठभर वाळू पेलाभर गोड्या पाण्यात घालून ढवळा, निवळू द्या आणि वरच्या पाण्याचा थेंब जिभेला लावा. खारट लागलं तर धुतल्याशिवाय वापरू देऊ नका. समुद्राची पुळण तर घरकामात नकोच.

जोत्याची भर पाणी मारून, थराथराने धुम्मस करून बसवलेली हवी. इथे घाई केली की दोन वर्षांनी लादी खचते. भरीवर काँक्रीटचा थर, त्यावर काचेच्या पट्ट्यांनी चौकटी. एका चौकटीची बाजू दोन मीटरहून मोठी नको, नाहीतर भेगा जातात. वरच्या थरासाठी तीन भाग सिमेंटला एक भाग संगमरवराची पूड, आणि या मिश्रणाच्या एका मापाला दीड ते पावणेदोन मापं खडी. खडीच्या आकाराप्रमाणे हा थर ९ ते १२ मिलिमीटर जाड ठेवतात. रूळ फिरवून खडी दाबून बसवायची, दुसऱ्या दिवसापासून ओलं ठेवायचं आणि साधारण सात दिवसांनी यंत्राने घासायला घ्यायचं. पुढची पायरी वर सांगितलीच. सबंध कामाला तीन-चार आठवडे धरा. ज्याला आठवड्यात गृहप्रवेश करायचा आहे, त्याने या वाटेला जाऊ नये.

रोजची निगा

पुसायला साधं पाणी पुरे. आठवड्यातून एकदा बादलीभर पाण्यात चमचाभर सौम्य साबण घाला आणि नंतर साध्या पाण्याने पुसा. घराला दृष्ट लागू नये म्हणून खडेमीठ घालून पुसायची पद्धत हल्ली वाढलीय. श्रद्धा आपापली, पण लादीला मात्र मीठ सोसत नाही. आधीच समुद्र दारात आहे, आणखी मीठ कशाला?

सोलकढी, चिंचेचा कोळ, लिंबू सांडलं तर लगेच टिपून घ्या, वर चिमूटभर खायचा सोडा भुरभुरवा आणि पाण्याने पुसा. खोबरेल किंवा फोडणीचं तेल सांडलं तर टिपून त्यावर टाल्कम पावडरचा जाड थर रात्रभर ठेवा आणि सकाळी झाडून टाका. लोखंडी कपाटाच्या आणि ट्रंकेच्या पायांखाली रबराचे तुकडे ठेवा. जमिनीवर प्लॅस्टिकची चटई कायमची अंथरून ठेवू नका, तिच्याखाली ओल कोंडते. पावसाळ्यात दाराशी काथ्याचं पायपुसणं ठेवा आणि तेही दर आठवड्याला वाळवा. पायांबरोबर येणारी वाळू लादीला पॉलिशच्या दगडासारखीच घासते, म्हणून आधी झाडायचं, मग पुसायचं.

एवढं सांभाळलं तर पुन्हा पॉलिश करायची वेळ कितीतरी वर्षांनी येईल.

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा तुमच्या घरी "लादी काढून टाकूया" असं कुणी म्हणालं, तर नुसतं "नको" म्हणून भांडू नका. लाटणं घेऊन आधी लादी ठोकून पाहा, प्लॅस्टिकचा कागद चिकटवा आणि मग चहाचा ट्रे घेऊन ओटीवर जाऊन बसा. "एक कोपरा घासून बघूया" एवढंच म्हणा. कोपरा आवडला नाही तर टाइल्स कुठे पळून जात नाहीत. पण एकदा उखडलेली लादी मात्र परत मिळत नाही!